तीस जानेवारीची बातमी

महात्मा गांधींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी दिल्लीतील बिर्ला भवनाच्या बागेत झाली. वार शुक्रवार होता. सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबल्यामुळे गांधीजींना प्रार्थनेला निघायला दहाएक मिनिटे उशीर झाला होता. मनू आणि आभा या सोबतच्या मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून ते झपझप चालत असताना नथुराम गोडसे वाटेत आडवा आला आणि त्याने अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या. त्या वेळी बागेत काहीशे माणसे होती. बाकीच्या देशाने, म्हणजे तेहतीस-चौतीस कोटी लोकांनी, हत्या पाहिली नाही. त्यांना ती कळली. कुणाला त्याच संध्याकाळी, कुणाला दुसऱ्या दिवशी शाळेत, कुणाला आठवड्याच्या बाजारात. तरीही पुढची पन्नास-साठ वर्षे घराघरांत या दिवसाच्या आठवणी साक्षीदाराच्या थाटात सांगितल्या गेल्या, आणि त्यात वावगे काही नाही. सामान्य माणूस अशा घटनेचा साक्षीदार असतो तो त्याच्या दारापर्यंत आलेल्या बातमीपुरता. तेवढ्या बाबतीत मात्र त्याच्याइतका जाणकार साक्षीदार दुसरा मिळत नाही.

बागेतले साक्षीदार

ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्या आठवणी ठळक गोष्टींत एकमेकींशी जुळतात. जागा, मारेकरी, गोळ्या यांबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या काही सेकंदांबद्दल. कोसळताना गांधीजींच्या तोंडून ‘हे राम’ हे शब्द निघाले, असे मनूने लिहून ठेवले आहे. त्यांचे चिटणीस व्ही. कल्याणम काही पावलांवर मागे होते. आपल्याला ते शब्द ऐकू आले नाहीत, असे त्यांनी उतारवयात सांगितले आणि त्यावरून मोठे वादंग झाले. खरे तर अंगाला अंग लागून चालणाऱ्या मुलीने जे ऐकले ते मागून येणाऱ्याने ऐकलेच पाहिजे, असे नाही. शिवाय मध्ये गोळ्यांचा आवाज आणि लोकांचा आरडाओरडा होता. दोघेही आपापल्या जागेवरून खरे सांगत असतील, ही शक्यता वाद घालणाऱ्यांना सहसा नको असते.

गोडसेला प्रथम कुणी धरले, याचीही एकाहून अधिक उत्तरे आहेत. बिर्ला भवनातील माळी रघू नायक याने, असे भारतात सांगितले जाते. अमेरिकी वृत्तपत्रांनी आपल्या वकिलातीतील हर्बर्ट रायनर या तरुण अधिकाऱ्याचे नाव छापले. हवाई दलातील एका जवानाचाही उल्लेख येतो. एका माणसावर एकदम चारपाच जण झेपावले की पहिला हात कुणाचा, हे झेपावणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. मग पाहणाऱ्याला आपल्या ओळखीचा हात तेवढा दिसतो.

व्हिन्सेंट शीअन हे अमेरिकन लेखक-पत्रकार आणि बीबीसीचे रॉबर्ट स्टिमसन तेथे हजर होते, त्यामुळे त्यांचे पाहणे लगेच कागदावर आले. साध्या माणसांचे पाहणे टिकले ते पोलीस आणि कोर्टामुळे. तुघलक रोड ठाण्यात नोंदवलेली फिर्याद उर्दूत आहे आणि ती प्रार्थनेला आलेल्या दिल्लीच्या एका रहिवाशाच्या जबाबावरून लिहिलेली आहे. पुढे लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला चालला. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले, निकाल १० फेब्रुवारी १९४९ रोजी लागला. साक्षीदारांत टॅक्सीवाले होते, हॉटेलांतले नोकर होते, रेल्वे स्टेशनवरचे कर्मचारी होते. एरवी ज्या गिऱ्हाइकाचा चेहरा दुसऱ्या दिवशीही आठवला नसता तो त्यांना काही महिन्यांनी कोर्टात ओळखायचा होता. नंतर घडलेल्या भयंकर गोष्टीमुळे आधीच्या किरकोळ गोष्टींना मनात जागा मिळते. स्मरणाची ही चाल उलटतपासणी करणारे वकील मानसशास्त्रज्ञांच्याही आधीपासून ओळखून आहेत.

एक प्रसंग मात्र लाखो लोकांनी खरोखर डोळ्यांनी पाहिला. ३१ जानेवारीला दुपारी बाराच्या सुमारास निघालेली अंत्ययात्रा यमुनाकाठी पोचायला चार-साडेचार वाजले. पार्थिव ठेवलेल्या लष्करी गाडीचे इंजिन बंद होते; तिन्ही दलांचे जवान दोरखंडांनी ती ओढत होते. वरून विमाने फुले टाकत होती. तेराव्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, प्रयागला संगमावर अस्थिविसर्जन झाले. त्यासाठी दिल्लीहून सोडलेल्या खास गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे होते. देशातल्या इतर नद्यांतही अस्थी सोडण्यात आल्या, महाराष्ट्रात नाशिकच्या रामकुंडात. ज्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मी स्वतः पाहिले’ हे शब्द येतात त्यांचे पाहणे बहुतेक वेळा अस्थिकलशाचे असते. घरातले कुणी जावे तसे अनेक गावांत पुरुषांनी डोकी भादरली, तेराव्याचे जेवण घातले. आठवणींत ‘त्या दिवशी चूल पेटली नाही’ हे वाक्य वारंवार भेटते ते याच घरगुती सुतकाच्या ओघात.

बातमी कशी पोचली

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात आकाशवाणीची सहा केंद्रे होती: दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. साऱ्या देशात रेडिओ संच सुमारे पावणेतीन लाख. मराठी मुलखाला जवळचे केंद्र एकटे मुंबईचे. नागपूरचे केंद्र १९४८च्या जुलैत आणि पुण्याचे १९५३ साली सुरू झाले. त्यामुळे ‘रेडिओवर ऐकले’ या आठवणीत रेडिओ क्वचितच स्वतःच्या घरातला असतो. तो इराण्याच्या हॉटेलातला असतो, एखाद्या वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या माडीवरचा असतो, दुकानाच्या फळीवरचा असतो, आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले लोक सांगणाऱ्याला बातमीच्या शब्दांहून अधिक स्पष्ट आठवतात.

आकाशवाणीने संध्याकाळी सहाच्या सुमारास दिलेल्या बातमीत मारेकरी हिंदू असल्याचे मुद्दाम सांगितले होते. फाळणीच्या दंगली होऊन जेमतेम काही महिने झाले होते. मारेकरी मुसलमान आहे अशी अफवा पसरली असती तर त्या रात्री काय झाले असते, याची सगळ्यांनाच कल्पना होती. अनेक शहरांतल्या मुसलमान वस्त्यांत दारे लावून लोक त्या एका शब्दाची वाट पाहत बसले होते आणि तो ऐकल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, हे अनेकांच्या आठवणींत येते. मराठी मुलखात गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. मारेकऱ्याचे आडनाव कळले, तो पुण्याचा असल्याचे कळले, आणि एका मोहल्ल्याला दिलासा देऊन गेलेली बातमी दुसऱ्या आळीत धास्ती घेऊन आली.

लहान गावात बातमी पोचायला रात्र उलटली. तार पोस्टात येई, वर्तमानपत्र मोटारीने येई, आणि त्याही आधी तालुक्याहून परतलेला माणूस येई. ३१ जानेवारीला शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा. गुरुजींनी रांगेत उभे करून सांगितले आणि शाळा सोडून दिली, अशी आठवण जर कुणी ‘गांधीजी गेले त्या दिवसाची’ म्हणून सांगितली तर तारीख एका दिवसाने चुकलेली असते. बाकीचे बहुधा खरे असते. संध्याकाळी सव्वापाचला घडलेली घटना शाळेच्या वेळेत कळणे शक्य नव्हते. बाहेरून असे ताडून पाहण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. थंडीचे दिवस होते, गुऱ्हाळे चालू होती. लाल एसटी तेव्हा रस्त्यावर नव्हती. पुणे-नगर ही पहिली गाडी सुटली ती १ जून १९४८ रोजी. भारताचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात होता, पण सांगलीच्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतके ठोकली तो ॲडलेडचा सामना २८ जानेवारीलाच संपला होता आणि पुढचा कसोटी सामना फेब्रुवारीतला. सामन्याचे धावते वर्णन मध्येच थांबवून ही बातमी दिली गेली, असे कुणाला आठवत असेल तर दोन वेगळे दिवस त्याच्या मनात एकत्र झाले आहेत.

ही सरमिसळ अडाण्यांचीच होते, असे मुळीच नाही. अल्रिक नायसर हे स्मरणाच्या अभ्यासातले अमेरिकेतले मोठे नाव. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी आपण लहानपणी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना आली, अशी त्यांची पक्की आठवण होती. तो हल्ला ७ डिसेंबर १९४१चा. डिसेंबरात तिकडे बेसबॉल खेळतच नाहीत, हे नायसरांच्या लक्षात यायला अनेक वर्षे जावी लागली. पुढे इतर संशोधकांनी शोधून काढले की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा एक सामना चालू होता आणि त्याचे प्रक्षेपणही होत होते. म्हणजे खेळ चुकला, पण रेडिओ, सामना आणि मध्येच आलेली बातमी हा सांगाडा बरोबर असण्याची दाट शक्यता आहे.

लखलखीत आणि तरी चुकीची

अशा आठवणींचा पहिला पद्धतशीर अभ्यास अब्राहम लिंकन यांच्या हत्येवर आधारलेला आहे. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी हत्येनंतर तेहतीसएक वर्षांनी १७९ जणांना विचारले की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता. त्यांपैकी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा असे सगळे तपशील धडाधडा सांगितले. हा अभ्यास १८९९ साली प्रसिद्ध झाला. सांगितले ते खरे होते का, हे पाहण्याचा मार्ग कोलग्रोव्हांपाशी नव्हता.

१९७७ साली रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी या प्रकाराला ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिले. कॅमेऱ्याचा दिवा लखकन उजळावा आणि समोरचे सगळे टिपले जावे, तसे मन अशा क्षणी करते, असे त्यांचे म्हणणे. लोकांच्या सांगण्यात सहा गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी दाखवले: आपण कुठे होतो, काय करत होतो, कुणी सांगितले, इतरांना काय वाटले, आपल्याला काय वाटले आणि लगेच पुढे काय झाले. त्यांच्या पाहणीतला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लखलखीत आठवण चाळीस कृष्णवर्णीयांपैकी तीस जणांना होती, चाळीस गोऱ्यांपैकी तेरांनाच. बातमी एकच, ती ज्याच्या आयुष्याला भिडली त्याच्या मनात ती कोरली गेली.

दिव्याची उपमा फार काळ टिकली नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून आपापला अनुभव लिहून घेतला आणि अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना पुन्हा विचारले. अकरा जणांचे सगळेच्या सगळे तपशील बदलले होते. तिघांचे तेवढे पूर्ण जुळले. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी काहींना तो पटेना. आठवण जितकी खात्रीने सांगितली जाते तितकी ती खरी असते, हा समज या अभ्यासाने मोडीत काढला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांतील तीन हजारांहून अधिक लोकांवर दहा वर्षे चाललेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: विसरणे आणि बदलणे बहुतांशी पहिल्या वर्षात होते. त्यानंतर गोष्ट घट्ट होते आणि चुकीसकट घट्ट होते. आजोबा चाळीस वर्षे एकच गोष्ट शब्दही न बदलता सांगत आले, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, ती यामुळे. पहिल्याच वर्षी ठरून गेलेला पाठ ते म्हणत असतात.

महाराष्ट्राची आठवण: घटनेपेक्षा पुढचे दिवस

ब्राऊन-कुलिक यांच्या सहा गोष्टींपैकी शेवटची, म्हणजे ‘लगेच पुढे काय झाले’, महाराष्ट्रात बाकीच्या पाचांना गिळून बसली आहे. दिल्लीकराच्या आठवणीत तीस जानेवारी म्हणजे बिर्ला भवनाचे फाटक आणि अंत्ययात्रा. सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, पुणे या पट्ट्यातल्या अनेक घरांत ती तारीख म्हणजे जाळपोळ. मारेकरी चित्पावन ब्राह्मण असल्याचे कळताच पुढच्या काही दिवसांत ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने यांच्यावर जमाव चालून गेले. मुंबईत विनायक दामोदर सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांच्यावर दगडफेक होऊन ते गंभीर जखमी झाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध ही तेव्हा संस्थाने होती आणि त्यांच्या विलीनीकरणाची बोलणी चालू होती. जुन्या सत्तेचा दरारा संपलेला आणि नवी सत्ता अजून पुरती न पोचलेली, अशा फटीत हे दिवस सापडले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथे रझाकारांचा उपद्रव चालू होता. त्यामुळे तिथल्या त्या वर्षीच्या आठवणी दुसऱ्याच घटनांच्या आहेत.

जाळपोळीला खूनच एकटा कारण नव्हता. त्या भागात सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळींची दोन-तीन पिढ्यांची पार्श्वभूमी होती, सावकारीचा आणि कुळांचा प्रश्न धुमसत होता, बेचाळीसनंतरच्या प्रतिसरकारने गावोगावी संघटित तरुण उभे केले होते. काही ठिकाणी शोकातून राग उसळला, काही ठिकाणी जुने हिशेब चुकते झाले, काही ठिकाणी नुसती लूट झाली. जमाव बाहेरगावचा होता, हे जवळजवळ प्रत्येक गावाच्या आठवणीत असते. प्रत्येक गावाचा जमाव शेजारच्या गावाहून आलेला असेल तर शेजारच्या गावाचा कुठून आला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या गावातच राहायचे असलेल्या माणसांनी एकमेकांशी केलेली ही न बोललेली तडजोड दिसते, आणि तडजोड म्हणून ती शहाणपणाची होती.

या आठवणींत काही प्रसंग सारखे भेटतात. शेजाऱ्याने आधी येऊन ‘निघा’ म्हणून सांगणे. बायकामुले मळ्यात, देवळात किंवा एखाद्या मराठ्याच्या, मुसलमानाच्या घरी लपणे. दावणीची गुरे सोडून देणे. देवघरातले टाक आणि जमिनीचे कागद एवढेच हाती लागणे. दुसऱ्या बाजूच्या घरांतही प्रसंग आहेत: बापाने दारात आडवे होऊन जमावाला अडवल्याचे, किंवा थोरला भाऊ त्या रात्री उशिरा घरी आल्याचे आणि त्याबद्दल कुणी काही न विचारल्याचे. पहिल्या प्रकारच्या आठवणी छापून आल्या. दुसऱ्या प्रकारातली जमावाला अडवल्याची आठवण सांगितली जाते, भाऊ उशिरा घरी आल्याची क्वचितच.

पेढे वाटल्याची गोष्टही अनेकांच्या तोंडी असते. गांधीजींच्या मृत्यूनंतर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त केला आणि मिठाई वाटली, असा उल्लेख सरदार पटेलांनी सप्टेंबर १९४८मध्ये गोळवलकर गुरुजींना लिहिलेल्या पत्रात आहे. त्यामुळे ही गोष्ट निव्वळ मागाहून रचलेली म्हणता येत नाही. पण गावपातळीवर चौकशी केली तर पेढे पाहिलेला माणूस कमी आणि ऐकलेले जास्त भेटतात, आणि जमाव घडायला ऐकलेले पुरते. सांगणाऱ्याला विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘हे खरे का’ असा उपयोगी पडत नाही. ‘हे तुम्हाला कुणी सांगितले आणि कधी’ असा विचारला तर काही हाती लागते.

एका आगीत कोंबलेली वीस वर्षे

‘अठ्ठेचाळीस साली घर जळाले आणि आम्ही पुण्याला आलो’ हे वाक्य अनेक कुटुंबांच्या इतिहासाचा पहिला परिच्छेद असते. तपशिलात शिरले की दिसते की काही कुटुंबे खरोखर त्याच आठवड्यात उठून गेली; पुष्कळांनी मात्र घर पुन्हा बांधले, आणखी दहा-पंधरा वर्षे गावात काढली. १९४८चाच मुंबई कूळवहिवाट कायदा आणि त्यातली १९५६ची दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ला कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. गावात न राहता खंडावर जगणाऱ्यांचा आधार त्याने संपला. त्याच काळात मुलांची कॉलेजे, सरकारी नोकऱ्या, मुंबई-पुण्याच्या बँका आणि कारखाने खुणावत होते. गाव सुटण्याला ही सगळी कारणे होती, आणि ती वीसएक वर्षे सावकाश काम करत होती. आठवणीला सावकाश चाललेली गोष्ट धरता येत नाही. तिला एक तारीख लागते, एक रात्र लागते.

इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाला हेच वेगळ्या रूपात सापडले. मार्च १९४९मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांच्या हातून एक तरुण कामगार मारला गेला. पुढे तिथल्या कितीतरी कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ साली, कारखान्यातून मोठी कामगार-कपात झाली तेव्हाच्या चकमकींत झाल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. सोबत्याचा मृत्यू कामगारांना त्यांच्या सर्वांत मोठ्या लढाईच्या जागी ठेवावासा वाटला, याचा अर्थ त्यांनी शोधला. पुण्याला आलेल्या कुटुंबाने कूळकायदा आगीत घालावा, यालाही तसा अर्थ आहे. कायद्याने गेलेल्या जमिनीबद्दल दाद कुणापाशी मागणार. जळालेल्या घराबद्दल निदान सांगता तरी येते.

सांगण्यालाही वेळ लागला. त्या वर्षांत उघडपणे बोलणारे थोडे. साने गुरुजींनी गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले; व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४ साली आली आणि जाळपोळीचा अनुभव मराठी साहित्यात ठसठशीतपणे उतरला. घटना आणि कादंबरी यांत सोळा वर्षे गेली. ‘वावटळ’नंतर सांगितल्या गेलेल्या आठवणींत तिच्यातला किती भाग उतरला असेल, हे वेगळे काढणे आता शक्य नाही.

पडद्यावरून आलेली आठवण

गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या क्षणाचे छायाचित्र अस्तित्वात नाही. तरी तो क्षण ‘डोळ्यांसमोर दिसतो’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकाशी दिव्याच्या उजेडात लोकांना बातमी सांगणाऱ्या नेहरूंचे छायाचित्र घेतले. अंत्ययात्रेचे वार्तापट पुढचे काही आठवडे थिएटरांत दाखवले गेले. १९८२ साली रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ आला. त्याची सुरुवातच हत्येने होते, आणि त्यातल्या अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ रोजी सुमारे तीन लाख लोक जमवले होते. नेहरूंचे त्या रात्रीचे इंग्रजी भाषण तर इतक्या वेळा ऐकवले गेले आहे, की ते त्याच संध्याकाळी ऐकले की नंतर कधीतरी, हे ऐकणाऱ्यालाही सांगता येऊ नये.

सरकारी स्मरणविधीही आठवणीला वळण लावतो. दर वर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, भोंगे वाजतात. हत्या झाली संध्याकाळी. शाळेत वर्षानुवर्षे अकराला उभ्या राहिलेल्या पिढीला गांधीजी सकाळी गेले असे वाटत असेल तर नवल नाही. असाच प्रकार इटलीत दिसला. तिथल्या बोलोन्या स्टेशनात २ ऑगस्ट १९८०च्या स्फोटात ८५ माणसे मेली आणि तिथले एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबले. ते दुरुस्त होऊन अनेक वर्षे व्यवस्थित चालत होते. १९९६ साली बिघडल्यावर ते मुद्दाम त्या वेळेवर कायमचे ठेवण्यात आले. संशोधकांनी विचारले तेव्हा घड्याळ बंद असल्याचे माहीत असलेल्या १७३ जणांपैकी १६० जणांनी ते स्फोटापासून बंदच असल्याचे सांगितले. वर्षानुवर्षे त्याच्याखालून गाडी पकडणारेही त्यात होते.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे. त्यामुळे आता मिळणाऱ्या आठवणी बहुधा ऐकलेल्या आहेत. नातू जळणाऱ्या वाड्याचे असे वर्णन करतो की तो तिथे उभा होता असे वाटावे. वाड्याला किती खण होते ते त्याला ठाऊक असते, गाव कुठे आहे ते नकाशात शोधावे लागते. अशा कुटुंबांपाशी निदान कागद तरी आहेत. कुलवृत्तांतांत स्थलांतराच्या नोंदी आहेत, आत्मचरित्रे आहेत, दिवाळी अंकांतले लेख आहेत. ज्यांनी डोके भादरले, तेरावे घातले, शेजाऱ्याला मळ्यात लपवले किंवा त्या रात्री हातात पलिता घेतला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या बाजूची तीस जानेवारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच आहे. तिची नोंद करणाऱ्याला दिल्लीत काय झाले हे विचारून फार काही मिळत नाही. बातमी कुणी आणली, तेव्हा हातात कोणते काम होते, रात्री कोण कुठे झोपले आणि सकाळी कुणाच्या दाराला कुलूप होते, एवढे विचारले तर माणसे बोलू लागतात.